माशाला सोडताना

माझा नवरा माश्या मारायला जातो, असं मी अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावातल्या सगळ्या मंडळींना सांगत असे. ते अगदीच खोटं नव्हतं. हुकावर पिसं आणि दोरा गुंडाळून तो खोट्या माश्या बनवायचा आणि वसंतात उत्तरेकडच्या नद्यांवर जाऊन त्या अलगद पाण्यावर सोडायचा. ट्राउट जातीच्या माशाला ती माशी खरी वाटली की तो झडप घालतो आणि फसतो. या एका फसवणुकीसाठी आमच्या देवघरातल्या मोरपिसाच्या काड्या एकेक करून नाहीशा झाल्या. मी ओरडले तर म्हणे, "कृष्णाला चालतं, तुलाच चालत नाही."

पण त्याने धरलेला एकही मासा आमच्या घरी आला नाही. मी मालवणकडची. चार दिवस ताटात मासा नसला तर मला आजारी असल्यासारखं वाटतं. आणि हा नागपूरचा, जन्मात अंडंही न खाल्लेला. बर्फासारख्या पाण्यात कमरेपर्यंत उभा राहायचा, मासा धरायचा आणि लगेच सोडून द्यायचा.

"मग धरतोस कशाला मेल्या?" मी विचारायचे.

"सोडायला," तो म्हणायचा.

एकदा त्याने मला नीट समजावलं. मासा दमलेला असतो. त्याला पाण्याबाहेर काढायचं नाही. ओल्या हातांत, पाण्याखालीच, प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवायचं. हळूहळू त्याच्यात जीव येतो. मग कधी जायचं ते त्याचं तो ठरवतो आणि शेपटीने तळव्याला एक झटका देऊन जातो. "तो झटका, यार! तेवढ्यासाठी जातो मी." तोही त्याच नदीत जन्मलेल्या माशाचा हवा. टाकीत वाढवून नदीत आणून सोडलेल्या माशांच्या झटक्यात दम नसतो, असं त्याचं ठाम मत होतं. मला हे सगळं थोतांड वाटायचं आणि मी तसं तोंडावर सांगायचे.

मोटारींचे ब्रेक डिझाइन करण्यात त्याची सगळी नोकरी सरली. वस्तू थांबवायची कशी हाच त्याचा धंदा. आणि एका हिवाळ्यात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी माशी बांधत बसलेला असताना, त्याला स्वतःचा उजवा हात थांबवता येईना. दोरा तुटला. त्याने पुन्हा घेतला, पुन्हा तुटला. मी भाजी चिरत होते. "चष्मा बदल," मी म्हटलं. चष्म्याने भागणार नव्हतं. पार्किन्सन्स निघाला.

मला रडू आलं नाही, राग आला. अजूनही आहे. त्या हातांनी कधी कुणाचं वाकडं केलं नव्हतं, आणि माश्या बांधण्यापलीकडे त्यांची काही हौसही नव्हती.

मग नदी बंद झाली. आधी माशी बांधणं गेलं, मग शर्टाची बटणं माझ्याकडे आली. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की शेवाळलेल्या दगडांवर पाऊल टाकायचं नाही. जर्सी सिटीतून लेक फोनवर म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट नॉट सेफ." तो बरं म्हणाला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

पण गेल्या वसंतात, ट्राउटचा मोसम सुरू व्हायच्या सुमाराला, चहा पिताना तो म्हणाला, "एकदाच जाऊ या. एक मासा माझ्या हातातून जाऊ दे. मग सगळं सामान देऊन टाक कुणाला तरी."

लेकीने माझ्याशी भांडून पाहिलं. मी तिला म्हटलं, "तुझ्या बाबाला मी धरून ठेवीन. तू तुझं ऑफिस बघ." आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पाण्यात उतरायची ती छातीपर्यंतची रबरी विजार विकत आणली. ती घालून आरशासमोर उभी राहिले तर तो इतका हसला की त्याला खोकला आला.

आम्ही गेलो तेव्हा झाडांना पानं नव्हती आणि काठावरच्या सावलीत थोडा बर्फ शिल्लक होता. गाडी मीच चालवली. त्याला ठाऊक असलेलं एक उथळ वळण होतं, तिथे पाणी गुडघ्याच्या जरासं वर येत होतं. त्याच्या कमरेचा पट्टा मागून घट्ट धरून मी त्याला आत नेलं. दुपारी ऊन तापल्यावर पाण्यातून खऱ्या माश्या उडू लागल्या, करड्या, नाजूक, आणि त्यांच्याखाली मासे तोंड वर काढू लागले. त्याचा चेहरा पूर्वीसारखा झाला. त्याने दोरी फेकली, ती भलतीकडे पडली. पुन्हा फेकली, झुडपात अडकली. मी सोडवून आणली. किती वेळा ते मी मोजलं नाही. तो चिडला नाही, आणि मीही नाही. माझ्या बाबतीत हे विशेषच.

शेवटी त्याची माशी पडायला हवी तिथे पडली आणि पाण्यातून एक डोकं आलं. गळाची काठी वाकली. "अगं, आला!" तो लहान मुलासारखा ओरडला. मासा जवळ यायला बराच वेळ लागला. एका हाताने पट्टा धरून दुसऱ्या हाताने मी जाळी खाली घातली. वीतभर लांबीचा, पिवळसर तपकिरी अंगाचा, बाजूला तांबडे ठिपके. हुकाच्या टोकाला अडकवणारा उलटा काटा नव्हता, म्हणून तो सहज निघाला. मी काठी बगलेत धरली आणि त्याने जाळीतून मासा दोन्ही हातांत घेतला.

हात थरथरत होते. मासा त्यांत उलटसुलट होत होता. तोंड प्रवाहाकडे राहीना, अंग एका बाजूला कलंडलं आणि पांढरं पोट वर आलं. त्याने पुन्हा सरळ केला. पुन्हा कलंडला. मला पाठीमागून त्याचे कान लाल झालेले दिसत होते.

"सोड," तो म्हणाला.

मला वाटलं, त्याला एकट्याने उभं राहायचंय. मी पट्टा सोडला. तो डुलला आणि मासा हातात तसाच धरून गुडघ्यांवर पाण्यात बसला.

"मला नाही गं!" तो म्हणाला. "माशाला. तू सोड त्याला. माझ्या हातात मरेल तो."

मी काठी आणि जाळी काठावर फेकली, त्याच्यासमोर वाकले आणि त्याच्या हातांखालून मासा माझ्या हातांत घेतला. मी आजवर हजारो मासे हाताळले असतील, साफ केले, तुकडे केले, पण जिवंत मासा असा माझ्या हातात कधीच आला नव्हता. त्याचं तोंड प्रवाहाकडे धरलं. कल्ले बंद होते. बाजारात आपण बोटाने उघडून बघतो ते कल्ले. मग ते आपोआप उघडले, मिटले, उघडले. माझ्या तळव्यात काहीतरी जड होऊ लागलं. आणि एकदम झटका बसला, मला वाटलं होतं त्याहून कितीतरी जोराचा, आणि हात रिकामे झाले.

तो माझ्या हातांकडेच बघत होता.

"बसला झटका?"

"बसला."

"कसा होता?"

मी एवढी तोंडाळ बाई, पण खोटं बोलून हलकाच होता म्हणावं, असं मनात आलं. "जोरात होता," मी म्हटलं.

"असतोच," तो म्हणाला. त्याने आपले दोन्ही हात पाण्यात सोडले. वाहत्या पाण्यात ते थरथरताना दिसत नव्हते. मी त्याला उठायची घाई केली नाही.