पेशीचं आवरण आणि आमच्या वन्सं

माझ्या नणंदेइतकी पेशीच्या आवरणाची काळजी अख्ख्या भाईंदरात कोणी करत नसेल. बाकीच्यांना पोराबाळांची, पाण्याच्या टाकीची काळजी. वन्संना त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पडद्याची. गोडदेवच्या आमच्या दोन खोल्यांत त्या विज्ञानाच्या शिकवण्या घ्यायच्या आणि स्वयंपाकघर माझं आहे हे साफ विसरायच्या. काकडीला मीठ लावून पाणी सुटलं की कोशिंबीर पानात पडायच्या आधी वर्ग भरायचा. "वहिनी, काकडीच्या पेशींतलं पाणी आवरणातून बाहेर येतंय, बघा तरी!" मी चौथी शिकलेली. पाहुणे पानावर ताटकळलेले. पण बघावंच लागायचं.

शाळेत कायमची नोकरी मात्र त्यांना मिळत नव्हती. "फार पसारा करता," असं म्हणून प्रत्येक शाळा त्यांना परत पाठवायची. शेवटी भाईंदरच्याच एका शाळेनं नमुना पाठ घ्यायला बोलावलं. वय उलटत चाललं होतं. ही संधी गेली तर पुढची मिळेल असं त्यांनाही वाटत नव्हतं. वन्संनी अंडं व्हिनेगरमध्ये ठेवून त्याचं कवच विरघळवलं, आतलं पातळ आवरण तेवढं ठेवलं, आणि डबा हिंदकळू नये म्हणून मला बरोबर घेतलं. संस्था कोणाची, तिथे काय चालतं, हे विचारायचं दोघींनाही सुचलं नाही.

शिपायानं डबा उघडला. "मॅडम, अंडा? जैन संस्था है, ये अंदर नहीं जाएगा."

मी डबा बंद करून शिपायाच्या स्टुलाखाली ठेवला. वन्सं हसल्या. "बघा वहिनी, आवरणाचं काम हेच. मी आत, अंडं बाहेर!"

वर्गात त्यांनी बाकं सरकवली आणि मुलांना जमिनीवर झोपवलं, गणपतीला आमच्याकडे पाहुणे झोपतात तसं: दोन रांगा, पायांकडे पाय, डोकी बाहेर. "डोक्यांना पाणी आवडतं, म्हणून ती बाहेरच्या बाजूला. पायांना आवडत नाही, म्हणून ते मध्ये लपले. हवा मधूनच घुसते, तिला कोणी अडवत नाही. पण साखरेला दार लागतं." मग दाराकडे वळून, "वहिनी, आत या. तुम्ही दार व्हा."

चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. पण दाराला बोलावं लागत नाही. दोन्ही रांगांच्या मधोमध मी उभी राहिले, साखर झालेली मुलगी आली, मी बाजूला झाले, ती आत गेली. मागे पाठ बघत बसलेले संस्थेचे एक वयस्कर शेठ पुढे वाकले. "और कचरा, बेन?"

"तोसुद्धा दारातूनच शेठ, पण उलटा!"

शेठ इतके हसले की झोपलेली मुलंही हसत उठून बसली, आणि आमचं आवरण तिथेच फुटलं.

नोकरी मिळाली. आता वन्संनी शाळेजवळ खोली घेतलीय, रविवारी येतात. बाजारात मुलं "टीचर, टीचर" करत त्यांना गराडा घालतात. मी पिशव्या सांभाळत बाजूला उभी असते. कोणी विचारलंच, तर 'ही माझी नणंद' एवढं सांगायचं मी मनाशी ठरवून ठेवलंय. अजून कोणी विचारलेलं नाही.