मुंगसाचा शकुन
चुलीत तुराट्या पेटल्या की त्या वासासरशी मला आमचं परस आठवतं. मेहकरला मुलगी पाहायला निघायचं होतं, दारात बैलांची दमणी जुंपलेली. निघताना मुंगूस दिसलं की काम फत्ते, म्हणून मी नव्या सदऱ्यानिशी परसातल्या ओल्या राखेवर पालथा पडून त्याची वाट पाहत! आणि दिसलं की हो! तुराट्यांच्या ढिगातून मुंगसाची मादी निघाली, मागे तीन पिल्लं. एकानं तर माझी टोपीच ओढली. "काऊन बे, मुंगसाशीच लगन लावू काय?" मामा ओरडले. तसाच राखेनं माखलेला दमणीत चढलो. "नवरदेव हाय का गोसावी?" मेहकरला पोचताच मुलीच्या बापानं विचारलं. संपलंच, म्हटलं! तेवढ्यात दाराआडून मुलगी खुदकन हसली. मुंगूस खरं ठरलं. ऐका, आताही चुलीपासून तीच हाक मारते आहे, "या गोसावी, जेवाले!"