अंतराळातली पहिली पालेभाजी

किस्से मी गोळा करत नाही. शाळेचा शिपाई दाराशी उभा असतो. आतलं बाहेर, बाहेरचं आत, सगळं त्याच्या अंगावरून जातं. थोडं चिकटतंच. आमच्या गंजाडच्या शाळेतली मुलं रेडिओवरून थेट अंतराळ स्थानकातल्या आपल्या भारतीय अंतराळवीराशी बोलणार होती, तेव्हा तर फारच चिकटलं!

*

विज्ञानाच्या बाईंनी नियम शिकवला : आपलं बोलून झालं की "ओव्हर" म्हणायचं, मगच समोरचा बोलतो. झालं! रानशेतच्या सुनंदाची आई मला म्हणाली, "दादा, पोरगी 'भाकर दे, ओव्हर' म्हणते, न् मी बोलेपर्यंत गप बसून राहते!"

*

स्थानक डोक्यावरून जायला जेमतेम आठ-दहा मिनिटं, बोलणं तेवढ्यातच. म्हणून हेडसरांनी प्रश्न तपासले. वर स्थानकात भाजी पिकवण्याचा प्रयोग चालला होता. सुनंदाच्या घरी नवी भाजी आधी धरतरीला, म्हणजे धरतीमातेला, वाहतात, मगच शिजवतात. तिने लिहिलं होतं, "तुम्ही पहिली पानं कोणाला वाहिली?"

सर म्हणाले, "बाई, हे विज्ञान नाही."

बाई हळूच म्हणाल्या, "सर, बाकीचे सगळे प्रश्न मी सांगितलेत. हा एकच पोरीचा आहे."

"शेवटी ठेवा. वेळ उरला तर!"

सुनंदाने त्या दुपारी खिचडीला हात लावला नाही.

*

नेमकी बोलणं व्हायचं त्याच सकाळी वीज गेली! वाणगावहून मंडपवाल्याचा जनरेटर आणला, तोही सुरू होईना. मंडपवाला दोरी ओढत म्हणतो, "चिंता नको साहेब, थई जशे, होऊन जाईल! नवरी मांडवात आली की हा सुरू होतोच!"

सर घामाघूम. "अरे, इथली नवरी आकाशातून चाललीय! ती थांबायची नाही!"

धडधड सुरू झाली तेव्हा बाईंनी डोळे मिटले.

*

खरखरीतून आवाज आला. हिंदीत बोलणं सुरू झालं. एकेक पोर उठलं, विचारून बसलं. आवाज बारीक होत चालला. सर घड्याळ बघून मान हलवायला लागले, "पुरे, पुरे." बाईंनी तिकडे पाहिलंच नाही. माइक सुनंदाच्या हातात दिला.

"काका, वर भाजी आली, तर पहिली पानं तुम्ही कोणाला वाहिली? ओव्हर."

नुसती खरखर. मी दाराची कडी घट्ट धरली.

मग लांबून आवाज आला, "बेटा, पहिली पानं आम्ही खात नाही. गोठवून ठेवलीत. ती खाली पृथ्वीवर पाठवायची आहेत. ओव्हर."

सुनंदाने माइक दोन्ही हातांनी तोंडाशी नेला.

"मग आता तुम्ही खुशाल खा, काका!"