शिवराजचं तुर्कीचं काम

मी शिकलेला माणूस न्हाई. चौथीत शाळा सुटली ती सुटली. पण अडाणी असलो तरी भोळा न्हाई. भानामती, उतारे, अंगात येणं... यातलं मी कधी काही मानलं न्हाई आणि घरात कुणाला मानू दिलं न्हाई. कपिलधारला जातो ते देवासाठी. तिथं कुणी घुमायला लागलं की मी तोंड फिरवून पुढं निघतो. तवा हे वाचून कुणाला हसायचं असेल त्यानं हसावं. मी बी हसलो असतो.

चौसाळ्यात हायवेला लागून माझं हार्डवेअरचं दुकान, त्याच्या मागंच घर. पाईप, पत्रे, मोटारीचं सामान. मागच्या खोलीत माझ्या एकुलत्या पोराचा, शिवराजचा, कॉम्प्युटर. गावात रंगीत टीव्ही, बाटलीतला थंडा, एसटीडी बूथ सगळं एकदमच आलं ती सालं. त्यातच पोरानं पुण्याहून हे धूड आणलं. फोनची तार त्यात खुपसायचा, की आमचा फोन बंद. मी बोंबलायचो.

पुण्यात शिकताना त्याच्या खोलीवर एमरे नावाचा तुर्कस्तानचा पोरगा होता. दोघं एका ताटात जेवले, शिवराज त्याची तुर्की शिकला आन् तो मोडकी हिंदी. पुढं एमरे आपल्या देशात गेला, आणि दोघांनी मिळून एक बिनपैशाचं काम अंगावर घेतलं. कॉम्प्युटरात नवे प्रोग्राम बसवून देणारा एक प्रोग्राम असतो म्हणे. चित्र न्हाई, काही न्हाई, नुसता काळा पडदा. त्याच्याकडं मदत मागितली की आपल्याला कसं वापरायचं ते तो ओळीओळीनं सांगतो. त्या ओळी इंग्रजीतनं तुर्कीत करायच्या.

मी म्हणलो, तुर्कांचं भलं करायला चौसाळ्याचाच गडी घावला का बे?

त्याची रीत येगळी होती. प्रत्येक ओळ आधी गल्ल्यापाशी येऊन मला मराठीत वाचून दाखवायचा. अण्णाला कळली न्हाई तर ती ओळ वाईट, असा त्याचा हिशेब. मग मी माझ्या बोलीत सांगायचो, आणि ते तो तुर्कीत न्यायचा. एकदा 'अवलंबित्व' असलं काहीतरी घेऊन आला. मी म्हणलो, पोथी वाचू नको, काय हाय ते बोल. तर एक प्रोग्राम मागितला की त्याला लागणारे दुसरे बी आणावे लागतात म्हणे.

"अरे मग सरळ सांग की. पाईप नेला तर सॉकेट आन् चिकटवायचं सोल्युशन बी संगं न्यावं लागतंय, न्हाई तर पाणी गळतंय."

लई खुश झाला. तुर्कस्तानात आता लोक माझं ऐकून मशीन चालवणार, म्हणून मी बी गल्ल्यावर जरा ताठ बसायला लागलो. खोटं कशाला सांगू.

शेवटचा भाग राहिला होता. बसवलेलं काढून कसं टाकायचं, तो. तो त्यानं मला अजून वाचून दाखवला नव्हता, तेवढ्यात ताप आला. ताप डोक्यात गेला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. शुद्ध जायच्या आधी आईला म्हणाला, "रडू नको माय. काम अर्धं टाकून मी कुठं जातोय?"

मग बोलला न्हाई. डॉक्टर म्हणायचे आजचा दिवस निघणार न्हाई. निघायचा. दुसराही निघायचा. त्यांनाच नवल वाटायला लागलं.

त्याची माय तिथंच बसून होती. मी कापडं आणायला म्हणून मांजरसुंब्याला गाडी बदलून घरी आलो. भर दुपार. मागच्या खोलीत गेलो. मशीन तो तसंच चालू ठेवून गेला होता. पोरगा बसायचा त्या खुर्चीत जरा बसावं वाटलं, एवढंच. पडद्यावर इंग्रजी किडेमुंग्या. मला त्यातलं एक अक्षर कळत न्हाई. तरी तोंडातनं निघालं, "काय राहिलंय बाबा? वाच की."

त्यापुढचं मला आठवत न्हाई.

समोरचे रहीमभाई, मोटारी दुरुस्त करणारे, खांदा धरून हलवत होते. ऊन दाराच्या दुसऱ्या बाजूला गेलेलं. बोटं आखडलेली. शिवराजच्या मायनं दवाखान्याजवळच्या बूथवरून आमच्या घरी फोन लावला होता, तो सारखा एंगेज. शेवटी तिनं रहीमभाईंकडं लावला.

शिवराज गेला होता.

आम्ही लिंगायत, त्याला आमच्या रीतीनं बसवून माती दिली. त्यानंतर एमरेचा फोन आला. मोडक्या हिंदीत, आवाजात आनंद. "चाचा, बाकी काम सब मिल गया. शिवराज अच्छा हो गया ना?"

त्याला सांगितलं. तिकडं पोरगं हमसून रडलं. रडणं थांबल्यावर म्हणाला, काम त्याच दुपारी आलं, तुर्की शिवराजच्याच ढंगाची, कुठं चूक न्हाई. पण एक ओळ इंग्रजीत नसलेली, जास्तीची हाय. हिंदीत करून सांगितली, "निकालने से पहले देख लो, किस किस का पानी बंद होगा."

जुना जॉइंट काढणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आयुष्यभर हेच सांगत आलो.

भाचा म्हणतो, शिवराजनंच आधी करून ठेवलं असेल, धक्क्यात तुमचा हात बटणावर पडला असेल. मी रहीमभाईंना विचारलं. ते म्हणाले, "अण्णा, फोन आने के पैले मैं आया तो तुम मशीन खटाखट चलारे थे. मैं चाय रखा, तुम देखे बी नै."

त्या खुर्चीत मी नंतर किती वेळा बसलो. हात लाकडासारखे पडून राहतात. लोक म्हणतात, पोरगा आला आणि तुमच्या हातानं काम पुरं करून गेला. असेल. पण आला तर बापाशी दोन शब्द बोलला कावून न्हाई?

आणि दुसरं एक मनात येतं, ते कुणाला बोललो न्हाई. काम अर्धं होतं तवर तो टिकून होता. पुरं झालं... आणि ते माझ्या हातानं झालं. हे असं हाय का तसं, सांगणारा कुणी भेटला न्हाई. आता भेटेल असं वाटत न्हाई.

शिवराजची माय अजून कधीमधी विचारती, त्या दुपारी तुमी घरी येवढा वेळ काय करत होता?

मी म्हणतो, कापडं सापडत नव्हती.