सांगलीला परत नेलेल्या बाटल्या

साताऱ्याच्या स्टँडवरून सांगलीची गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर रिकाम्या बाटल्यांचा क्रेट होता. जुना, लाकडी, खणाखणांचा. गाडी खड्ड्यात गेली की बाटल्या वाजायच्या आणि पुढचे चार प्रवासी मागे वळून माझं तोंड बघायचे. उतारवयातली बाई आणि काचेच्या बाटल्या, म्हणजे काय समजायचं ते त्यांनी समजून घेतलं. कंडक्टरने तर विचारलंच.

"मावशी, कसल्या वो बाटल्या?"

"सरबताच्या. रिकाम्या आहेत, वास घेऊन बघा."

"रिकाम्या बाटल्या कोन नेतं एवढ्या लांब?"

मलाही हेच विचारायचं होतं, पण आबांना उलट प्रश्न विचारायची आमच्या घरी पद्धत नाही. आबा म्हणजे माझे वडील. साताऱ्यात त्यांच्याकडे एका सांगलीच्या कारखान्याची एजन्सी होती. लाल रंगाचं, गोड, नाकात झिणझिण्या आणणारं ते पेय. लेबलावर नाव वेगळंच होतं, पण लोक त्याला 'सांगलीचं लाल' म्हणत, आणि लग्नात ते नसेल तर व्याही रुसत. कारखाना मोडतायत असं परवा कानावर आलं, तशी आबांनी मला माळ्यावर चढवून हा क्रेट काढायला लावला.

"बाटली कंपनीची असती. कंपनी हाय तवर दिऊन ये," म्हणाले.

मला नवल वाटलं, कारण आबांनी सांगलीचं नाव टाकून बरीच वर्षं झाली होती. कारखान्याचे मालक आप्पा आणि आबा यांची दोस्ती पहिल्यापासूनची. मग एका उन्हाळ्यात लालची चव बदलली. आबांनी फोन लावून विचारलं, "आप्पा, तुमी सोता तरी पिता का ह्ये?" पलीकडून उत्तर आलं नाही, फोन ठेवल्याचा आवाज आला. आबांनी त्याच दिवशी एजन्सी सोडली. आप्पा गेल्या वर्षी वारले. आबा मातीलासुद्धा गेले नाहीत.

कराडला गाडी थांबली. क्रेट सोडून उतरता येईना, म्हणून खिडकीतूनच चहा घेतला आणि निम्मा साडीवर सांडला. पुढे दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आष्टा मागे पडलं आणि सांगली आली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. रिक्षावाल्याने मिरज रस्त्याला वळताच क्रेटकडे बघून विचारलं, "लालवाल्यांकडं व्हय? आता काय ऱ्हायलं न्हाई तितं."

खरंच काही राहिलं नव्हतं. लहानपणी मी आबांबरोबर इथे यायची तेव्हा फाटकात आटपाडी-कडेगावकडे जाणारे ट्रक उभे असत आणि आत बाटल्या धुतल्याचा नुसता कल्लोळ असे. आता शेडचे पत्रे उतरवले होते. आप्पांचा मुलगा भूपालदादा झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता. क्रेट पाहून तो उठून उभा राहिला.

"साताऱ्याच्या आबांची लेक न्हवं तू?"

पद्मावहिनींनी आधी जेवायला बसवलं. भाकरी, डाळ-मेथी आणि भडंग (तिखट लावलेले चुरमुरे), तेही लसणाशिवाय. घर कडक जैन. भूक लागली होती, मी मिटक्या मारत खाल्लं. जेवणानंतर दादा मला विहिरीवर घेऊन गेला. वर तारेची जाळी होती, पण पाणी होतं.

"समदा कारखाना ह्या पान्यावर हुता," तो म्हणाला. "आजोबांनी हातानं फिरवायचं मशीन आनलं, तवापासनं. पानी दुपदरी फडक्यातनं गाळायचं आनि जिवाणी (फडक्यात राहिलेले बारीक जीव) परत ह्याच हिरीत सोडायची. आप्पा रोज पयली बाटली फाटकात हुबं ऱ्हाऊन प्यायचे. मगच गाड्या सुटायच्या."

मग तो जाळीवरचा पाला वेचू लागला.

"एका लग्नसराईत हीर आटली. आप्पा श्रवणबेळगोळला गेलते. मी बोअर मारली. मला वाटलं, एवढ्या खोल जीव कुठनं असनार? उलट पाप कमी. आप्पा आले, बघितलं आनि एवढंच म्हनाले, जीव निघाला तर सोडनार कुठं?"

"रागावले नाहीत?"

"न्हाई. पन दुसऱ्या दिवशी फाटकात आले न्हाईत. डायवर लोक वाट बघून निगून गेले. त्या दिवसापास्नं मरंस्तवर आप्पांनी आपल्या कारखान्याचा घोट घेतला न्हाई. मला वाटायचं, आज येतील, उद्या येतील. बोअर बंद करायला पायजे हुती मी. लोकांना सांगतो, मोठ्या कंपन्यांनी मारलं. ते बी खरं हाय. पन आमी त्याच्या आधीच मेलो हुतो."

मी आबांच्या फोनचं विचारलं.

"मी शेजारीच हुतो. पितो म्हनावं तर खोटं. पीत न्हाई म्हनावं तर माझी अब्रू जाती. आप्पांनी फोन ठिवला आनि म्हनाले, साताऱ्याचा मानूस गेला आपला."

दोन म्हातारे, एकाच पाण्यावर नाराज, आणि उरलेला जन्म एकमेकांशी अबोला धरून बसले. मला दोघांचाही राग आला.

रिकाम्या बाटल्यांचं आता काहीच होणार नव्हतं, तरी दादाने एकेक उजेडात धरून पाहिली, चिरली नाही ना म्हणून. "रिकामी आली की भरलेली द्यायची, ही आमची रीत," तो म्हणाला. वहिनींनी जाळी सरकवून पाणी शेंदलं, गाळलं, फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्याने धुतलं आणि ते धुवण बुडाला कडी असलेल्या, पाण्याला टेकल्यावरच उलटणाऱ्या बादलीतून अलगद खाली सोडलं. त्यांनी एक बाटली भरली. दादाने उरलेल्या एकमेव हातमशीनवर पत्र्याचं बूच दाबलं. ना रंग, ना गॅस.

परतीच्या गाडीत मी ती पदरात गुंडाळून बसले होते. या वेळी काहीच वाजलं नाही.

आबा दारातच बसले होते. मी पायरीवर बसून सगळं सांगितलं.

"म्हंजी त्यो बी पीत नव्हता."

"नाही."

"मग मला सांगायला काय झालतं?" असं म्हणाले, आणि स्वतःच मान हलवली. "पोराचं कसं सांगंल."

मी बूच काढून दिलं. आबांनी पाणी तोंडात घोळवलं, मग थांबत थांबत सगळं संपवलं. "ह्येच पानी," एवढंच म्हणाले. मी बाटली घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी दिली नाही. भिंतीला धरून उठले, मोरीपर्यंत गेले, बाटली स्वतः विसळली आणि खिडकीत उपडी घातली.

"ऱ्हाऊ दे तितंच," म्हणाले. "आप्पाला परत द्याची हाय."