पौर्णिमाच्या मेमरीत मी घुसलो

हे मी अजून कुणालाच सांगितलं नाय. आईला नाय, रूमवरच्या पोरांना नाय. तुला सांगतोय — टाइप करतानाच स्वतःची किळस येतीय, पण थांबलो तर परत राहून जाईल.

शेवटच्या वर्षाला मी आणि पौर्णिमानं — मुकुंदवाडीची, कोडिंगला वर्गात एक नंबर — मिळून छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. पार शून्यापासून! एकाच वेळी दोन प्रोग्राम चालायचे, माझा गेम आणि तिचा मजकूर टाइप करायचा एडिटर. लई भारी वाटायचं. दोघांच्या मेमरीमधी भिंत होती — एक प्रोग्राम दुसऱ्याच्या जागेत लिहायला गेला की सिस्टिम त्यालाच मारून टाकणार. ती भिंत तिनंच बांधलेली, दीड महिना खपून.

परीक्षेच्या सकाळी माझा गेम सारखा मरायला लागला. का? तो हद्दीबाहेर लिहीत होता, आणि भिंत त्याला बरोबर पकडत होती. ती रिपोर्ट बाइंड करायला क्रांती चौकात गेलेली. कोड माझ्या लॅपटॉपवर. तासभर उरलेला — चूक कोण शोधत बसणार? मी भिंतच बंद केली. एक ओळ. गेम पळाला.

बाहेरून आलेल्या सरांसमोरबी पळाला. आणि तिच्या एडिटरमधी अक्षरांचा कचरा झाला, मग तो पडलाच. मला लगेच कळलं. माझाच गेम तिच्या जागेत लिहीत होता.

सरांनी विचारलं, "हा कुणाचा?"

"तिचा, सर."

खोटं होतं का? नाय ना — तेच तर डाचतंय. सर तिला म्हणाले, कुठून उचललं ताई हे? सगळे हसले. मीबी हसलो. नोकरीसाठी कॉलेजकडून एकच नाव जाणार होतं. माझं गेलं.

ती म्हणाली, कोड दे, बघते कुठं चुकलं. आधी मी गेम दुरुस्त केला, भिंत परत चालू केली — आणि मग दिला. किती नीच असावं माणसानं? महिनाभर ती स्वतःची चूक शोधत होती. तिच्याकडं एडिटर एकदाबी पडला नाय. मला फोन करून विचारायची, मी म्हणायचो, बघ, सापडंल.

शेवटी तिनं कोडिंग सोडलं. "मला जमत नाय रे हे," म्हणाली.

मी म्हणालो, "असतंय गं कुणाकुणाचं तसं."

हे मी बोललो. ह्याच तोंडानं.