पेशंटचं औषध

"पेशंटचंच औषध हाय म्हनल्यावर द्या की सायेब. मीच पेशंट हाय."

आई एवढंच म्हणाली आणि मोठे डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. भोवतीचे शिकाऊ डॉक्टरही हसले. ही गोळी पेटंटची आहे म्हणून महाग, असं ते सांगत होते. आईनं ऐकलं, पेशंटची. जन्मभर सोलापुरात विड्या वळलेली बाई. फुफ्फुसात कॅन्सर. पेशंट हा शब्द तिला नुकताच चिकटला होता.

"पेशंट नाही हो आजी, पेटंट. जाऊ द्या, तुमच्या डोक्याबाहेरचं आहे."

मग ते पोरांकडे वळून इंग्रजीत काही बोलले. पुन्हा हशा. आईही हसली. आपलं काहीतरी चुकलं, एवढंच तिला कळलं होतं. तिचं ते हसू मला अजून जाळतं.

मी मान खाली घालून तिला बाहेर आणलं. पेटंट म्हणजे काय, मला तरी कुठं ठाऊक होतं? मी गणवेशाच्या कारखान्यात काजं-बटणं करते. नवी पेठेतला औषधवाला म्हणाला, याचं स्वस्तातलं जेनेरिक निघालेलं नाही, काढायला बंदी आहे. आई गेली. औषध होतं, तरी गेली.

पुढं पेशंटांसाठी झगडणाऱ्या एका वकीलबाईंनी समजावलं. पेटंट म्हणजे वीस वर्षं ती गोळी दुसऱ्या कुणी बनवायची नाही. आता मुदत संपत आलीय, तर कंपनीनं किरकोळ फरक करून त्याच गोळीवर नवं पेटंट मागितलंय. म्हणजे जुन्या चादरीला नवे काठ लावायचे आणि नवी म्हणून खपवायची. सोलापुरात आम्हाला हे शिकवायला नको. यात डोक्याबाहेरचं काय होतं?

अशा पेटंटला कायद्यानं कुणीही हरकत घेऊ शकतं, म्हणाल्या. कुणीही म्हणजे मीसुद्धा. जिंकू का, असं विचारलं तर त्यांनी हरकतीचा कागद माझ्यापुढं सरकवला. समोर वकिलांची फौज. निकाल लागेल तोवर आईसारख्या कितीतरी जातील. मला खोटी आशा नकोच आहे.

तरी हरकत माझ्या नावानं जाणार. सुनावणीत कुणीतरी विचारेलच, बाई, तुमचा याच्याशी संबंध काय? तेव्हा मान खाली जाणार नाही. आईचं वाक्य आईच्याच बोलीत सांगणार. पेशंटचंच औषध हाय म्हनल्यावर द्या की.

आता हसून दाखवा.